शाबूत भागाचे फोटो काढू नयेत

बायकोने मला तीन महिन्यांची मुदत दिली तेव्हा मी एका मालवाहू व्हॅनच्या मागच्या दाराचा रिपोर्ट लिहीत होतो. दार आतून बाहेर वाकलेलं होतं आणि मालकाचं म्हणणं होतं की धडक बाहेरून बसली. अशा वेळी माणसाचं लक्ष दारावर असतं. त्यामुळे तिचं पहिलं वाक्य माझ्या हातून निसटलं. दुसरं वाक्य होतं, “म्हणजे त्यांना हो किंवा नाही कळवायला तीन महिने आहेत.”

“कोणाला?” मी विचारलं.

“बघ,” ती म्हणाली. हे ती मला म्हणाली नाही, फ्रिजला म्हणाली.

माझी बायको डेंटल लॅबमध्ये आहे. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे साचे घेतात, ते साचे तिच्याकडे येतात आणि ती त्यावरून कवळ्या, दातांवर बसवायच्या कॅपा आणि सुटे दात बनवते. गावातल्या निम्म्या प्रतिष्ठित माणसांचं हसू तिच्या हातचं आहे. पण हे कोणी कोणाला सांगत नाही, त्यामुळे समारंभांत ते लोक हसतात आणि ती कोपऱ्यात उभी राहून आपलं काम तपासते. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबने तिला प्रमुख म्हणून बोलावलं होतं. प्रवास आठ तासांचा. राहायची खोली लॅबची, एका माणसाला पुरेल एवढी.

“एकाच माणसाला?” मी म्हणालो.

“त्यांनी विचारलं, बरोबर कोण आहे. मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही.”

मग तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. लग्नानंतर पाच वर्षं ती मला ‘अहो’ म्हणायची. नंतर ‘अरे’ म्हणायला लागली. अलीकडे ती काहीच न म्हणता थेट मुद्द्यावर येते.

“मला भांडायचं नाहीये. तू घरी येतोस, जेवतोस, कुठल्या गाडीला कुठे लागलं ते सांगतोस आणि झोपतोस. बावीस वर्षं मी बंपर ऐकतेय. आता एखादी गोष्ट अशी कर की जिचा ऑफिसशी काडीचाही संबंध नाही. काहीही कर. मातीकाम कर, बासरी वाजव, पण मला दाखव. या तीन महिन्यांत मला काही फरक दिसला तर मी त्यांना नाही म्हणून सांगेन. नाही दिसला तर जाईन. आणि गेले की परत यायचं कारण मला तरी सुचत नाहीये.”

तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. हे मी तिला सांगितलं नाही, कारण तिला ते माहीत असणार असा माझा समज होता. मी विमा कंपनीत सर्व्हेअर आहे. आमच्या धंद्यात समजाला काही किंमत नसते, पण घरी माणूस जरा सैल सुटतो.

*

छंद म्हटल्यावर मेव्हण्याकडे जाणं आलं. माझ्या मेव्हण्याने आजवर गिटार, मासे, दुर्बीण, बोन्साय आणि मधमाश्या इतके छंद केले आहेत. प्रत्येक छंद तो सरासरी अडीच आठवडे करतो आणि मग सामान माळ्यावर टाकतो. त्याचा माळा म्हणजे एका अतिशय सुसंस्कृत माणसाचं दफनस्थान आहे.

“दाजी, तुम्हाला कॅमेराच सूट होईल,” तो शिडीवरून म्हणाला. “मधमाश्यांना तुमचा चेहरा आवडणार नाही.”

“कॅमेरा चालू आहे का?”

“एकदम नवा. मी फक्त चंद्र काढला होता.”

“कसा आला?”

“लहान.”

त्याने धूळ पुसून कॅमेरा खाली दिला. जुनं मॉडेल, पण कुठे चरा नाही. सोबत पन्नासची एकच लेन्स होती, जी काही जवळ आणत नाही आणि काही लांबही नेत नाही. एक तिपाई होती, तिचा एक पाय मनात आलं की आखडायचा. बॅटऱ्या दोन, त्यातली एक फुगलेली.

“ताईचे फोटो काढा चांगले,” मेव्हणा शिडीवरून उतरत म्हणाला. “तिचा एक धड फोटो नाही कोणाकडे. सगळ्यांत ती कोणाच्या तरी मागे असते.”

मी हो म्हणालो. तिपाईचा पाय का आखडतो हे मी त्या वेळी बघत होतो.

घरी कॅमेरा दाखवल्यावर बायकोने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“फोटो तर तू रोजच काढतोस,” ती म्हणाली.

“ते फोटो नाहीत, पुरावा आहे. तो मोबाइलवर काढतात. हा कॅमेरा आहे.”

यावर तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी लॅबमधून येताना तिने कॅमेऱ्यासाठी गळ्यात अडकवायचा एक चांगला कातडी पट्टा आणला. मेव्हण्याने दिलेला पट्टा माशांचा वास मारत होता, हे खरं. पण तिने तो कातडी पट्टा स्वतः कॅमेऱ्याला लावला, नीट बसेपर्यंत ओढून पाहिला, माझ्या गळ्यात घातला, लांबी कमी केली आणि लांब उभी राहून बघितलं. “बरा दिसतोस,” ती म्हणाली. पट्टा मजबूत होता.

*

रविवारचा फोटोग्राफीचा वर्ग एका बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये भरायचा. विद्यार्थी पाच. मी, एक निवृत्त न्यायाधीशबाई, दोन बहिणी ज्या एकच कॅमेरा आळीपाळीने वापरायच्या, आणि एक गृहस्थ जे इंग्रजी संभाषणाचा वर्ग समजून आले होते, पण फी भरून झाल्यामुळे थांबले. शिकवणारे सर चौतीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढून निवृत्त झालेले. त्यामुळे ते सवयीने “श्वास रोखा” म्हणायचे आणि आम्ही पाचही जण रोखायचो. बऱ्याचदा ते “सोडा” म्हणायला विसरायचे. न्यायाधीशबाई तेवढ्या नियमाने हरकत घ्यायच्या.

सरांनी पहिल्याच दिवशी सगळं शास्त्र सांगून टाकलं. प्रकाश आत येतो, तीन गोष्टी त्याला अडवतात, भोक केवढं, दार किती वेळ उघडं आणि आतला माणूस किती हळवा. एक वाढवलं की दुसरं कमी करायचं. दोन्ही वाढवली की सगळं पांढरं, दोन्ही कमी केली की काळं. “घर चालवल्यासारखंच आहे,” सर म्हणाले. इंग्रजीवाल्या गृहस्थांनी हे वहीत लिहून घेतलं.

“आणि झूम?” एका बहिणीने विचारलं.

“पाय आहेत ना?”

मग त्यांनी सहा आठवड्यांचा गृहपाठ दिला. विषय एकच, आपलं घर. रोज दहा फोटो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. “सूर्यास्त काढून आणणाऱ्याला मी नापास करणार,” सर म्हणाले. “घरात काय आहे ते बघायचं. आहे तसं.”

हे माझ्या हातचं काम होतं. आहे तसं बघण्याचाच मला पगार मिळतो.

आमची पद्धत सरळ आहे. गाडी समोर आली की आधी चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो. मग नंबरप्लेट. मग डॅमेज, आधी लांबून, मग जवळून, जवळच्या फोटोत पोच्याशेजारी पट्टी धरायची म्हणजे माप कळतं. बस. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी एका ठोकलेल्या गाडीचं डावं दारही फोटोत घेतलं होतं. त्या दाराला काही झालं नव्हतं. सकाळचं ऊन पडून ते नुसतंच चमकत होतं आणि मी तेव्हा पंचविशीचा होतो. आठवड्याने मुख्य कार्यालयाचं पत्र आलं, ‘डाव्या दाराच्या छायाचित्राचे प्रयोजन कळवावे.’ मी लिहिलं, प्रयोजन नाही. त्यांनी विचारलं, प्रयोजन नसताना छायाचित्र का. हा पत्रव्यवहार पाच आठवडे चालला, गाडी तोपर्यंत दुरुस्त होऊन पुन्हा ठोकली गेली. शेवटी आमच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून समजावलं, “शाबूत भागाचे फोटो काढू नयेत. फोटोत आलं म्हणजे त्याला काहीतरी झालंय. फोटोत नाही म्हणजे ते ठीक आहे. एवढं पाळलंस तर सुखाने निवृत्त होशील.”

सव्वीस वर्षं मी एवढं पाळलं आहे.

त्यामुळे पहिल्या संध्याकाळी मी घराच्या चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो काढला, दारावरच्या नंबराचा काढला आणि कामाला लागलो. आणि काय सांगू, घराची अवस्था पाहून मी थक्क झालो. मोरीच्या कोपऱ्यात ओल होती, माणसाच्या फुप्फुसाच्या आकाराची. स्वयंपाकघरातला नळ मुळातून हलत होता. खिडकीची चौकट फुगली होती. कपाटाच्या बिजागरीचा एक स्क्रू कधीचाच गेला होता आणि दार केवळ सवयीवर उभं होतं. बावीस वर्षं मी या घरात राहत होतो आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पट्टी आणली. पन्नासची लेन्स अशा कामाला उत्तम आहे. सरांचं म्हणणं खरं होतं, पाय वापरले की सगळं जवळ येतं.

रोजचे दहा फोटो मला पुरेनात. मी वीस काढू लागलो. सांगायची गोष्ट म्हणजे मी खूश होतो. ऑफिसातून मी वेळेवर घरी येऊ लागलो. जेवताना मी गाड्यांविषयी एक अक्षर काढत नव्हतो, बिजागरीविषयी बोलत होतो.

बायकोच्याही वागण्यात फरक पडला होता. लॅबमधून आली की ती तोंड धुवायची, केस पुन्हा बांधायची. निळ्या खड्यांचे कानातले, जे ती लग्नकार्यातच घालायची, ते एका साध्या मंगळवारी कानात दिसले. मला वाटलं, लॅबमध्ये नवीन साहेब आला असेल. संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन खिडकीपाशी बसायची, एका विशिष्ट जागी, जिथे पडद्यातून उजेड गाळून यायचा. वर्गात सरांनी नेमका हाच उजेड शिकवला होता आणि मी तो घरी येऊन तिला समजावून सांगितला होता.

“इथे बरा आहे ना उजेड?” एकदा तिने विचारलं.

“फार छान आहे,” मी म्हणालो. “जरा सरकतेस? तुझ्यामागे चौकट फुगलीय, तिचं माप घ्यायचंय.”

ती सरकली. मी पट्टी धरली. फुगवटा नऊ मिलिमीटर होता.

त्यानंतर ती तिथे बसली नाही. मला सोयीचंच झालं, कारण चौकटीच्या खालच्या बाजूचं काम राहिलं होतं.

*

सहा आठवडे संपले त्या शनिवारी दुपारी तिने स्वतःच विषय काढला. “दाखवतोस का?”

मी लॅपटॉप टेबलावर मांडला, तिच्यासाठी खुर्ची ओढली. एकूण आठशेअकरा फोटो होते. निवडून पन्नास दाखवावेत असा माझा विचार होता, पण ती म्हणाली, सगळे बघायचेत. तिच्या धंद्यातल्या माणसाला घाई नसते. एकेका दातावर ती लोकं दिवस घालवतात.

पहिले शंभरेक फोटो तिने मन लावून पाहिले. “हा आपला नळ?” “हो.” “बाई गं, किती सुटलाय.” मला बरं वाटलं. मी तिला बारकावे सांगत होतो, हा चरा जुना, हा नवा, हा पलंग ओढताना पडलेला. ती मान डोलावत होती. चारशेच्या पुढे ती बटण जरा जोरात दाबायला लागली. एका फोटोपाशी ती थांबली.

“हा माझा हात आहे.”

“कपाला तडा आहे. कानापासून खाली, बघ.”

“दिसतोय तडा.”

ती पुढे गेली. शेवटचा फोटो बिजागरीचा होता. तो तिने बराच वेळ स्क्रीनवर तसाच ठेवला.

“आठशे फोटो काढलेस,” ती म्हणाली. “घराचे. यात मी कुठे आहे?”

“तू?”

“मी. मी पण इथेच राहते.”

मला प्रश्नच कळला नाही. खोटं सांगत नाही, मी खरोखर विचार करून उत्तर दिलं. “पण तुला काही झालेलं नव्हतं,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की ती ज्या नजरेने साच्याकडे बघते, त्या नजरेने. दोष साचा घेणाऱ्याचा असतो, साच्यावर रागवून उपयोग नसतो.

“बरं,” ती म्हणाली आणि उठली. “मोरीच्या ओलीचं तेवढं बघायला सांग कोणाला तरी.”

मुदत संपायला सव्वा महिना उरला होता. तिने माळ्यावरची मोठी बॅग काढून उन्हात ठेवली. वास जावा म्हणून, असं म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी माझे फोटो पाहिले. पुढचा-मागचा, जवळचा-लांबचा, पट्टीवाला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, हे न्यायालयात टिकेल. दोघी बहिणींनी आपापल्या आईचे फोटो आणले होते, एकच आई, पण दोघींच्या फोटोंत दोन वेगळ्या बायका होत्या. इंग्रजीवाल्या गृहस्थांनी त्यांच्या झोपलेल्या वडिलांच्या चपलांचा एक फोटो आणला होता. तो जरा हललेला होता आणि सर त्यावर दहा मिनिटं बोलले.

माझ्यावर ते काही बोलले नाहीत. वर्ग सुटल्यावर मी थांबलो.

“सर, काही चुकलं का?”

“छे. सगळं स्वच्छ आहे. रिपोर्ट लिहायला घ्या.” ते खुर्च्या भिंतीला लावत होते. “मी चौतीस वर्षं माणसांचे फोटो काढले. दिवसाला साठ-सत्तर. एकालाही चेहरा नव्हता. निवृत्त झाल्यावर बायकोचा काढायला गेलो तर सवयीने म्हणालो, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास रोखा.”

“मग?”

“मग काय? तिने रोखला. ती आमच्या जमान्यातली.” त्यांनी शेवटची खुर्ची लावली. “तुमच्या घरी कोण आहे?”

“बायको.”

“मूलबाळ?”

“नाही. दोघांच्याही तपासण्या झाल्या होत्या, दोघांमध्येही काही दोष निघाला नाही.”

“मग बायकोचा काढा,” सर म्हणाले. “पट्टी घरी... म्हणजे घरीच असाल तुम्ही. पट्टी शेजाऱ्यांकडे ठेवा.”

हे सांगायला सोपं आहे. पण एकदा न काढलेला फोटो मागून काढायला जाणं फार अवघड असतं. जुन्या क्लेममध्ये नंतर फोटो जोडला की कोणीही विचारतो, इतके दिवस कुठे होतात. पाच आठवडे मी कॅमेरा गळ्यात घालून घरात हिंडत होतो, आणि ती समोर आली की लेन्स पुसत होतो. ती आता केस बांधत नव्हती. कानातले डबीत गेले होते. लॅबमध्ये तिने आपल्या हाताखालच्या मुलीला सगळं शिकवायला घेतलं होतं. मेव्हण्याचा फोन आला तेव्हा ती त्याला म्हणाली, “अरे, दाजी बरे आहेत. घराचा सर्व्हे पूर्ण झाला.”

मुदतीतल्या शेवटच्या रविवारी दुपारी मी तिला विचारलं, “तुझा फोटो काढू?”

ती कपडे घड्या करत होती. नाही म्हणेल असं वाटलं होतं. तिने हातातला टॉवेल घडी करून ठेवला, आणखी एक घेतला, तोही ठेवला. “काढ,” ती म्हणाली. “कुठे बसू?”

“खिडकीपाशी.”

ती बसली. केस तसेच, घरातलेच कपडे. हात मांडीवर. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझं डोकं पार रिकामं झालं. माणसाचा फोटो कुठून सुरू करतात? काय आधी, काय नंतर? हात मात्र रिकामे नव्हते, त्यांना सव्वीस वर्षांची सवय होती. मी उजव्या बाजूने, पुढून एक काढला. मग डाव्या बाजूने, पुढून एक. मग मी तिच्या मागे गेलो.

“मागून काय काढतोयस?” ती म्हणाली.

उजवी मागची बाजू झाली, मी डावीकडे सरकत होतो.

“अरे देवा,” ती म्हणाली. “चार कोपरे. तू माझे चार कोपरे घेतोयस. आता काय, नंबरप्लेट?”

आणि ती हसायला लागली. मान मागे टाकून, तोंडभर, आमचं लग्न नवीन असताना हसायची तशी. ती वळून माझ्याकडे बघत हसत होती, तिरपा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता, आणि मी बटण दाबलं. मलाही हसू आलं. आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत होतो. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “काय माणूस आहेस.” बॅग कोपऱ्यात उघडी पडली होती, पण त्या दुपारी ती निव्वळ एक बॅग वाटत होती.

“बघू दे कसा आलाय,” ती म्हणाली.

मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. फोटो आला होता. म्हणजे खरोखर आला होता, काठोकाठ स्पष्ट, डोळे जागेवर, केसांची एकेक बट वेगळी. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचा हात माझ्या पाठीवर होता.

“चांगला आहे रे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला होता. “मी अशी दिसते?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. किंवा हो म्हणायला हवं होतं. साधं, एका अक्षराचं काम होतं. पण फोटो समोर आला की मी तो मोठा करून बघतो. डोळ्यांपाशी मोठा केला, मग गालापाशी, मग तोंडापाशी. आणि तिथे माझा हात थांबला. ठोकलेल्या गाडीचा रंगवून काढलेला पत्रा ट्यूबलाइटखाली कळत नाही, समोरून ऊन असलं तरी कळत नाही. बाजूच्या उजेडात मात्र तो शेजारच्या पत्र्याहून अर्धी छटा वेगळा दिसतो. एवढं बघायला आम्हाला शिकवलेलं असतं.

“हा दात बदललेला आहे,” मी म्हणालो.

पाठीवरचा हात तसाच राहिला.

“कुठला?”

“वरचा. डावीकडचा, पुढून दुसरा. शेजारच्यापेक्षा पांढरा आहे.”

“कॅप आहे ती,” ती म्हणाली. “मीच बनवली.”

“कधी?”

“अकरा वर्षं झाली.”

मी मागे वळून बघितलं. ती स्क्रीनकडेच बघत होती.

“गारांचा पाऊस झाला होता बघ, तू नऊ दिवस बाहेरगावी होतास, छतं ठोकलेल्या गाड्या बघायला. तेव्हा मी मोरीत पडले. अर्धा दात तुटला. तू फोनवर सांगत होतास, कुठल्या गाडीला किती पोचे पडले. म्हटलं, येशील तेव्हा सांगू. मग म्हटलं, सांगायचं कशाला, येईल आणि बघेल. नऊ दिवसांत मी दात बनवून बसवलासुद्धा. आलास, जेवलास, एकशेचाळीस पोचे होते म्हणालास एका टपावर. म्हटलं, बघू या किती दिवस लागतात. पहिले आठ-पंधरा दिवस तर मजाच वाटली. मी मुद्दाम हसायचे.”

“मला वाटलं...” मी म्हणालो. काय वाटलं होतं ते मला आठवेना. बहुतेक काहीच वाटलं नव्हतं.

“मग सवय झाली,” ती म्हणाली. “मुद्दाम हसायचं बंद झालं, मग एवढं हसायचंही कारण उरलं नाही.”

तिने पाठीवरचा हात काढला. रागाने नाही, कोणाच्या पाठीवर चुकून राहिला होता म्हणून काढावा, तसा. मग ती वाकून स्क्रीनच्या अगदी जवळ गेली आणि तिने तो दात बारकाईने पाहिला. या खेपेला ती बायको नव्हती, लॅबमधली बाई होती.

“त्या वेळी तंतोतंत जुळला होता,” ती म्हणाली. “तीन वेळा छटा बदलून बघितली होती मी. कॅपचा रंग बदलत नाही. बाकीचे दात पिवळे झाले.”

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, मागे घेताना वाजते ती शिटी वाजत होती. मी सवयीने ऐकत राहिलो, कुठे घासते का. घासली नाही.

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. नको जाऊस, हे म्हणायला हवं होतं, ते तीन महिन्यांत एकदाही म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं असतं तर ते जुन्या क्लेममध्ये मागून जोडलेल्या कागदासारखं दिसलं असतं. मी स्क्रीनकडे बघितलं. ती तिथे तोंडभर हसत होती.

“काम फार सुंदर आहे,” मी म्हणालो.

ती सरळ उभी राहिली. घड्या केलेल्या टॉवेलांची चवड तिने उचलून बॅगेत ठेवली, वरून हात फिरवून सपाट केली.

“दाताबद्दल म्हणत असशील तर थँक्यू,” ती म्हणाली, आणि त्या नव्या लॅबवाल्यांना फोन करायला आतल्या खोलीत गेली.